देवीकोट्टईचा चिखल आणि वीस बाजूंचा फासा

सॅन्ड मॉडेलसमोर उभं राहून छडीने टेकडी दाखवली नाही असा फौजी विरळा. वाळूचा ढीग, निळ्या रांगोळीची नदी, काडेपेट्यांचं गाव आणि सुतळीने आखलेली स्टार्ट लाइन. निवृत्त मित्रांना हे सांगायला नको. बाकी वाचकांसाठी एवढंच, की आमच्याकडे लढाईचा पहिला मसुदा कागदावर नाही, वाळूवर उतरतो.

या वेळचा लेख वाळूवरच्या खेळाबद्दल आहे. तो आम्ही तंजावरच्या पोस्टिंगमध्ये, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातली एक जुनी चकमक घेऊन खेळलो. नियम मात्र वापरले ते ड्रॅगन, जादूगार आणि तळघरातल्या खजिन्याच्या खेळाचे. तरुण अधिकारी मेसमध्ये रात्री उशिरापर्यंत खेळत बसतात तोच, ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. सीनियर मंडळींनी नाक मुरडायच्या आधी त्या खेळाची वंशावळ ऐकून घ्यावी. ती आपल्याच खात्यातून निघालेली आहे.

१८२४ साली प्रशियाच्या तोफखान्यातल्या राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने नकाशावर लढाई खेळण्याचे नियम छापले. त्याच्या वडिलांनी १८१२ मध्ये राजाला असाच खेळ टेबलावर मांडून दाखवला होता. मुलाने त्यात फासे, तक्ते आणि मुख्य म्हणजे पंच आणला. खेळाडूंनी पंचाला हुकूम लिहून द्यायचे आणि काय घडलं ते पंचाने सांगायचं. शत्रूचं जेवढं खऱ्या मैदानावर दिसेल तेवढंच खेळाडूला दिसणार. १८८० मध्ये अमेरिकी सैन्यातल्या टॉटन या लेफ्टनंटने ‘स्ट्रॅटेगोस’ हे पुस्तक काढलं. खेळाडूला काहीही करून पाहायची मुभा असावी आणि ते जमलं की नाही याचा निवाडा पंचाने करावा, ही त्यातली कल्पना. हे पुस्तक पुढे मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात डेव्हिड वेस्ली या विद्यार्थ्याच्या हाती लागलं. वेस्ली सैन्याच्या राखीव दलातला. १९६९ मध्ये त्याने ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक गावाभोवतीची लढाई मांडली आणि काही खेळाडूंना पलटणीऐवजी एकेक माणूस दिला. कोणी नगराध्यक्ष झाला, कोणी विद्यार्थ्यांचा पुढारी. लढाई राहिली बाजूला, माणसं आपापसात कारस्थानं करू लागली. त्याच मंडळींतल्या डेव्ह आर्नेसनने हा धागा पुढे ओढला. १९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियम आले. त्यात एक बाहुली म्हणजे वीस माणसं, आणि शेवटी ड्रॅगन-जादूगारांची एक पुरवणी. आर्नेसन आणि गायगॅक्स यांनी मिळून १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ छापला. राइसविट्झचा पंच तिथे ‘डन्जन मास्टर’ झाला.

तेव्हा हे नियम वाळूवर परत आणणं म्हणजे मुलीला माहेरी आणण्यासारखंच होतं.

तंजावरला बसून लढाई निवडायला अडचण नाही. व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास इथे गादी मिळवली तेव्हापासून १८५५ मध्ये कंपनीने राज्य खालसा करेपर्यंत हा मुलूख भोसल्यांचा. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ चा भोसले वंशाचा मराठी शिलालेख आहे. तो वाचत उभं राहिलं की मागून तमिळ कानावर येतं आणि आपण नेमके कुठे आहोत असा प्रश्न पडतो. माझ्या शेजारचे राव हे याच मराठ्यांच्या काळात आलेल्या घराण्यातले. घरात बोलतात ती मराठी आपल्याला ओळखीची वाटते, पण मधेच एखादा शब्द पायरी चुकल्यासारखा तमिळमध्ये पडतो. त्यांची नववीतली मुलगी आमची पक्की खेळाडू.

सैन्यही इथेच जमवलं. खेड्यापाड्यांतून अय्यनारच्या देवळांपुढे मातीचे मोठे घोडे उभे असतात, गावाची राखण करणाऱ्या देवाचे. ते घोडे घडवणाऱ्या एका कुंभाराने बोटभर उंचीचे सहा घोडे करून दिले. शिपायांसाठी चिंचोके वापरले. इकडच्या बायका पल्लांगुळी खेळायला ते डब्यात भरून ठेवतातच. गोऱ्यांसाठी चिंचोक्यांना चुना लावला. इकडचे लांबट पितळी फासेही आणून पाहिले. एक, दोन, तीन आणि कोरी अशा त्यांच्या चार बाजू. आवाज फार सुरेख, पण आमच्या गणिताला वीस बाजूंचा फासाच हवा होता. तो कुरियरने मागवला.

लढाई निवडली ती जून १७४९ ची, देवीकोट्टईची. कोल्लिडम, म्हणजे इंग्रजांची कोलरून, ही कावेरीची उत्तरेकडची मोठी शाखा. ती समुद्राला मिळते तिथला हा किल्ला. गादीवर तेव्हा प्रतापसिंह होते. हक्क सांगणारा भाऊबंद शहाजी इंग्रजांकडे गेला आणि मदतीच्या बदल्यात त्याने देवीकोट्टई देऊ केला. कंपनीला नदीच्या मुखाशी पाय रोवायला जागा हवीच होती. वसंतात कॅप्टन कोप ४३० गोरे आणि १००० शिपाई घेऊन निघाला. एप्रिलच्या वादळाने किनाऱ्यावरच्या आरमाराची दैना केली, शहाजीसाठी गावातून एक माणूस उठला नाही आणि मोहीम हात हलवत परतली. दुसऱ्या खेपेला मेजर स्ट्रिंजर लॉरेन्स समुद्रमार्गे आला. बरोबर ८०० गोरे, १५०० शिपाई.

तोफा किल्ल्याच्या समोरच्या काठावर लागल्या. तीन दिवसांत भिंतीला खिंडार पडलं. पण मधे नदी. जॉन मूर नावाच्या जहाजावरच्या सुताराने चारशे माणसं मावतील असा तराफा बांधला आणि रात्री पोहत जाऊन पैलतीरावरच्या झाडाला दोर बांधला. (या माणसाला कुठल्याही सैन्याने पदक द्यावं, वैरी असला तरी.) सैन्य पलीकडे उतरलं. आता किल्ला आणि सैन्य यांच्यामध्ये उरला एक ओढा. अरुंद, पण चिखलाचा.

पहिली धडक द्यायला पुढे आला लेफ्टनंट रॉबर्ट क्लाइव्ह. वय २३. पाच वर्षांपूर्वी कंपनीचा कारकून म्हणून मद्रासला उतरलेला. त्याच्या हाताखाली ३४ गोरे आणि ७०० शिपाई दिले. ओढा ओलांडताना चार गोरे पडले. उरलेल्यांना घेऊन क्लाइव्ह पुढे सरकला. शिपायांतले काही पार झाले होते, ते काठावर थांबले. किल्ल्याच्या बुरुजाआड तंजावरचं घोडदळ दबा धरून होतं. ते बाहेर पडलं आणि मागून येऊन त्या तुकडीवर तुटून पडलं. सव्वीस माणसं कापली. क्लाइव्ह आणि तिघे तेवढे शिपायांपर्यंत पळून पोचले. त्यानंतर लॉरेन्सने सगळे गोरे एकदम ओढ्यापार नेले. घोडदळ पुन्हा आलं, पण त्याला जवळ येऊ देऊन झाडलेल्या फैरीत चौदा स्वार पडले. इंग्रज किल्ल्यात शिरले तेव्हा तो रिकामा झाला होता.

प्लासीच्या आठ वर्षं आधी तंजावरच्या भोसल्यांच्या स्वारांनी क्लाइव्हची तुकडी जवळजवळ संपवली होती, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात कधी वाचल्याचं मला आठवत नाही. लगेच छाती फुगवण्याचं मात्र कारण नाही. ते सैन्य सरमिसळ होतं आणि किल्ला शेवटी गेलाच.

ही सगळी हकिगत मुख्यतः रॉबर्ट ओर्मच्या इतिहासातून येते. त्याचा पहिला खंड १७६३ चा. हा ओर्म क्लाइव्हचा मित्र. १७५३ मध्ये दोघे एकाच जहाजाने इंग्लंडला गेले. ही मैत्री ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

मांडणी करायला बसलो आणि पहिला पेच पडला प्रमाणाचा. ‘चेनमेल’च्या हिशेबाने एक बाहुली म्हणजे वीस माणसं. सातशे शिपाई म्हणजे पस्तीस चिंचोके, हे ठीक. पण चौतीस गोरे म्हणजे? पावणेदोन चिंचोके! ज्या तुकडीमुळे ही चकमक इतिहासात आली ती टेबलावर दिसेचना. निव्वळ लढाईचे नियम इथे हात टेकतात. इथेच भूमिका घेऊन खेळायच्या नियमांचा उपयोग होतो, कारण त्यात एक माणूस आणि एक जमाव एकाच टेबलावर चालतात. आम्ही गोरे एकास एक ठेवले आणि शिपाई व स्वार वीसास एक. बुद्धीला पटलं, पण टेबलाकडे पाहताना खटकत राहिलं. चौतीस चुनेदार चिंचोक्यांतला प्रत्येक जण वेगळा मरणार होता. सातशे माणसं मात्र पस्तीस ढेकळांसारखी पडून होती. ओर्मच्या वर्णनातही प्रमाण हेच आहे. क्लाइव्हला नाव, सुताराला नाव, शिपायांचा आकडा, आणि घोडदळाच्या म्होरक्याला काहीच नाही.

दुसरा पेच क्लाइव्हचा. या खेळांत ‘हीरो’ नावाची सोय असते. ‘चेनमेल’मध्ये हीरो चार माणसांच्या बरोबरीने लढतो आणि एकाच वेळी चार प्राणघातक फटके बसले तरच मरतो. पुढे याच कल्पनेच्या वाटेने हिट पॉइंट आले. पात्र जितकं अनुभवी, तितके ते जास्त. फ्लाइट लेफ्टनंट मित्र क्लाइव्ह होणार होता. त्याने अर्थातच हीरोचा हक्क मागितला. मी नाही म्हटलं. त्या सकाळी क्लाइव्ह हीरो नव्हता, चिखलाने भरलेला एक लेफ्टनंट होता. अर्काट व्हायचं होतं, प्लासी व्हायची होती. हिट पॉइंट म्हणजे पुढे काय झालं हे माहीत असल्याने मागे जाऊन वाटलेलं आयुष्य. हिशेब करा: चौतीसांतले चार ओढ्यात गेले, उरले तीस. त्यातले सव्वीस मेले, जगले चार. सगळे सारखेच म्हटले तर क्लाइव्ह जगण्याची शक्यता तिसात चार, शेकडा तेराच्या आसपास. वीस बाजूंच्या फाशावर अठरा किंवा वर पडायला हवं, तेव्हा कुठे साधारण तेवढी भरते. मित्राने खांदे उडवले आणि फासा खिशात ठेवला. त्याचं दान सगळ्यात शेवटी पडणार होतं.

तिसरा पेच चिखल. आजच्या नियमपुस्तकात खडतर जमिनीवर वेग निम्मा होतो. निम्मा! लिहिणाऱ्याने खाडीचा चिखल तुडवलेला दिसत नाही. एका रविवारी आम्ही कुंभकोणम, मयिलादुतुरै, सीरकाळीवरून पळैयारला गेलो. कोल्लिडमच्या मुखाजवळचं हे मच्छीमारांचं गाव. किल्ला बघायला नाही, चिखल बघायला गेलो होतो. कावेरीचं पाणी कल्लणैपासून फुटत फुटत येतं, भाताच्या वाफ्यांतून फिरतं आणि इथे पोचेपर्यंत त्याच्याबरोबर फक्त बारीक गाळ उरतो. त्यात भरती-ओहोटी. ओहोटीच्या वेळी एका ओहोळात उतरलो. गावातला एक तरुण हसत पुढे झाला, पाय कसा सपाट न टाकता तिरका काढायचा ते दाखवत. मी मांडीपर्यंत गेलो. पंधरा-वीस पावलांचं अंतर पार करायला काही मिनिटं लागली, आणि तेही हातात बंदूक नसताना, कोणी गोळ्या झाडत नसताना. वर आलो तेव्हा उभं राहून श्वास घेण्यापलीकडे काही सुचत नव्हतं. सोबतचे तिघे तीन ठिकाणी वर निघाले होते. टेबलावर वेग एकषष्ठांश केला, आणि एका खेपेला सहाच चिंचोके पलीकडे जातील असा नियम घातला.

शिपायांचा खेळाडू म्हणून लाभले साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार. मुलाकडे राहायला आले होते, इन्फन्ट्रीत आयुष्य घालवलेले. त्यांना आणि रावांच्या मुलीला मी इतिहास सांगितला नव्हता. राइसविट्झच्या रीतीप्रमाणे प्रत्येकाला त्याच्या पात्राला दिसेल तेवढंच चिठ्ठीवर लिहून दिलं. सुभेदारसाहेबांच्या चिठ्ठीत होतं: ओढा ओलांडा, गोऱ्या तुकडीच्या मागोमाग राहा. बुरुजाआडच्या घोड्यांचा उल्लेख नव्हता. माझ्या वहीत मात्र शिपायांचं मनोधैर्य लिहून तयार होतं. दोन फासे टाकायचे, बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की तुकडी कच खाते. ओर्म वाचून मी तो आकडा सहा ठेवला होता. बाराच्या मापात सहा म्हणजे कमीच.

खेळ सुरू झाला. दोन खेपांत बारा चिंचोके पार, म्हणजे दोनशे चाळीस माणसं. तेवढ्यात क्लाइव्ह भिंतीच्या दिशेने निघाला. मी विचारलं, “सुभेदारसाहेब, तुमचा हुकूम?”

“थांबणार, साहेब. बारा आलेत, तेवीस अजून अलीकडे. आधी काठावर उभे करतो, मग पुढे.”

“चिठ्ठीत मागोमाग राहा असं आहे.”

“आहे ना. पण लेफ्टनंटसाहेब एकटेच पळतायत. चिखलातून निघालेला माणूस लगेच नेला तर तो सेक्शन नसतो, साहेब, गर्दी असते.”

मुलीने बुरुजाआडून घोडे काढले. चुन्याचे चिंचोके एकेक करून बाजूला गेले. क्लाइव्हच्या दानात अकरा पडले आणि फ्लाइट लेफ्टनंट उठून चहा करायला गेला. सुभेदारसाहेबांनी काठावरून दोन फैरी झाडल्या आणि घोडे माघारी वळले.

मग मी त्यांना ओर्मचं वर्णन मराठीत करून ऐकवलं. शिपायांना गोऱ्यांच्या पाठोपाठ राहण्याचा हुकूम होता, तरी ते काठावर आणखी माणसं येण्याची वाट पाहत थांबले, हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. एवढंच म्हणाले, “हे लिहिणारा त्या वेळी कुठल्या काठावर होता, साहेब?”

माझ्या वहीतल्या सहा या आकड्याकडे मी पाहिलं. पूर्ण खेळात मनोधैर्याचा फासा एकदाही टाकावा लागला नव्हता. पाय रोवून उभं राहण्याचा तो एका जुन्या सुभेदाराचा सरळ निर्णय होता. आजही नदी ओलांडल्यावर पलीकडचा काठ पक्का करून, माणसं सावरून मगच पुढे जायचं असं शिकवतात. १७४९ मध्ये कंपनीच्या शिपायांच्या नीट बांधलेल्या पलटणीही नव्हत्या. मद्रासच्या पहिल्या पलटणी १७५८ च्या अखेरीस उभ्या राहिल्या. तरीही त्या काठावरच्या कोणा अनाम सुभेदाराने तेच केलं असेल, ही शक्यता मला टेबलावर दिसली. सिद्ध झाली असं म्हणणार नाही. चिंचोक्यांनी इतिहास सिद्ध होत नाही. पण वाक्यातला दोष नेमका कुठे शिरतो ते त्यांनी दाखवलं: थांबणं हे निरीक्षण होतं, त्याला भित्रेपणाचा वास नंतरच्या इंग्रजी कथनांत लागत गेला. आणि लॉरेन्सने दुसऱ्या धडकेत काय केलं? सगळे एकदम, एकत्र नेले. म्हणजे सुभेदारसाहेब म्हणत होते तेच.

दुसऱ्या डावात क्लाइव्ह थांबला. पस्तीसच्या पस्तीस चिंचोके पार झाले, घोडे बुरुजाआडून हललेच नाहीत, आणि मुलगी कंटाळली. डाव सपक झाला. खऱ्या कमांडरला मात्र असलेच सपक डाव हवे असतात.

तिसरा डाव तिने फिरवला. घोडे क्लाइव्हवर न घालता थेट ओढ्याच्या काठावर घातले, बारा चिंचोके वर आणि सहा चिखलात असताना. तेव्हा मनोधैर्याचा फासा टाकावाच लागला. (सुभेदारसाहेबांच्या आग्रहाखातर आकडा आठ केला होता. “आपल्या माणसाला सहा?” असं ते दोनदा म्हणाले होते.) दोन फाशांची बेरीज दहा पडली. काठ मोडला, माणसं चिखलात परतली आणि क्लाइव्ह भिंतीखाली अडकला. त्या दिवशी घोडदळाच्या म्होरक्याने काठ सोडून गोरी तुकडी का निवडली असेल? कदाचित ती जवळ होती, उघड्यावर होती आणि पाठमोरी होती म्हणून. स्वाराला तेवढं कारण पुरतं.

चौथ्या डावात तिने हल्लाच केला नाही. विचारलं, “काका, माझा एक माणूस ओढ्यापाशी पाठवून त्या शिपायांना विचारता येईल का, कंपनी तुम्हाला महिना काय देते?”

लढाईच्या कुठल्याही तक्त्यात याची ओळ नाही. टॉटनचं ‘काहीही करून पाहता येईल’ ते हेच. कर्नाटकातल्या त्या युद्धांत पगार थकला की शिपाई बाजू बदलत, तेव्हा प्रश्न अगदी रास्त होता. मी पंधराच्या वरचं दान मागितलं. चौदा पडलं. सुभेदारसाहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि मग स्वतःलाच हसले.

तह झाला तो असा: देवीकोट्टई आणि वर्षाला नऊ हजार पागोड्यांच्या उत्पन्नाचा मुलूख कंपनीला, शिवाय मोहिमेचा खर्च. ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्या शहाजीला कंपनीने सोडून दिलं. प्रतापसिंहांनी त्याला वर्षाला चार हजार रुपये द्यावेत आणि त्याने पुन्हा त्रास देऊ नये, एवढ्यावर प्रकरण मिटलं. आमच्या वाळूवर त्याच्यासाठी बाजारातली मान हलवणारी तंजावरची बाहुली ठेवली होती, कंपनीच्या तंबूशेजारी. चारही डावांत तिला कोणी हात लावला नाही. पंखा सुरू असला की ती आपली मान हलवत राही. आता दसऱ्यानंतर पुन्हा बसणार आहोत, आणि या खेपेला मुलीला शहाजी व्हायचं आहे.